पिवळा उजेड, पांढरा उजेड

३ नोव्हेंबर

दिव्यांच्या दुकानदाराचा फोन आला. कारखान्याने सोडियमचे दिवे बनवणं बंद केलंय. त्याच्याकडे शेवटचे नऊ बल्ब आहेत, ते घेऊन जा म्हणाला, पुढे मागू नका. मागू नका म्हणे! जशी काही मी रोज त्याच्या दारात उभीच असते.

तळघरात चाळीस दिवे आहेत. वर्षाला दहा-बारा तरी जातात. म्हणजे हा हंगाम निघेल. पुढचा नाही.

अठरा वर्षं मी या तळघरात रोपं वाढवते. वर पूर्वी छापखाना होता आणि खाली कागदाचे गठ्ठे ठेवत, म्हणून जागा कोरडी आहे. खिडकी एकही नाही. बाहेर गारठ्याने कोंब जमिनीतून डोकं काढायला तयार नसतो, तेव्हा माझ्याकडे टोमॅटोची रोपं वीतभर होऊन डोलत असतात, ती या पिवळ्याधमक दिव्यांच्या जिवावर. गावभर मला 'दिवेवाल्या बाई' म्हणतात. रोपवाल्या बाई कोणी म्हणत नाही.

संध्याकाळी धाकटा आला. पन्नाशी उलटलेला वायरमन आहे, पण भाऊ तो धाकटाच. काखेत पांढऱ्या एलईडीची लांब पट्टी. न विचारता स्टुलावर चढला, पट्टी टांगली, बटण दाबलं. डोळ्यांत सुया खुपसाव्यात असा उजेड. शिवाय दिव्याभोवती रंगीत कडं.

"हे कडं कसलं रे?"

"कुठलं कडं?"

"हे काय, दिव्याभोवती."

त्याने दिव्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "कधीपासून दिसतंय?"

"तू आत्ताच लावलास ना दिवा?"

तो पट्टी पुसत बसला. स्वतः आणलेल्या वस्तूत खोट असते हे त्याला लहानपणापासून मान्य नाही.

५ नोव्हेंबर

ठरवलं. वाद घालून दिवा चांगला की वाईट ते कळत नाही. तळघराच्या मधोमध जाड कापडाचा पडदा टांगला. डावीकडे माझे सोडियमचे दिवे, उजवीकडे धाकट्याचे एलईडी. दोन्हीकडे तीनशे-तीनशे रोपं. बी एका पाकिटातलं, ट्रे सारखे, पाण्याचा मगही एकच. कलमवालीने पडद्याच्या खालच्या कडेत खडे शिवले, म्हणजे तो उडणार नाही. कलमवाली म्हणजे गेल्या चौदा वर्षांपासूनची माझी सोबतीण. तिच्यासारखं कलम बांधणारं कोणी मी पाहिलं नाही. बोटं बघावीत तिची.

धाकटा म्हणाला, "निकाल कोण देणार?"

"मी."

"तू तर एका बाजूची."

"म्हणूनच मी. मला हरायचं असेल तर मीच हरवीन मला. अठरा वर्षं पानं वाचते आहे, मला कोणी शिकवू नये."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. हल्ली त्यांचं फार जमतं.

मोजमापाची वही वेगळी आहे, तिथे आकडे. ही वही माझ्यापुरती, म्हणून इथे खरं लिहिते. मला एलईडी हरायला हवे आहेत. पण लबाडी करून नकोत.

१३ नोव्हेंबर

डावीकडे परवाच सगळं उगवून आलं. उजवीकडे आज कुठे माना वर काढताहेत, त्याही अर्ध्याच. सकाळी पडदा सारून बघितलं आणि मनात पहिलं काय आलं तर "बरं झालं". मग लाज वाटली. इवल्याशा कोंबांनी माझं काय घोडं मारलंय?

थर्मामीटर बघितला. डावीकडे सत्तावीस, उजवीकडे एकवीस. (आकडे फार बारीक छापतात हल्ली. कलमवालीकडून वाचून घेतले.)

धाकट्याला बोलावलं. म्हणाला, "ताई, तुझा दिवा अर्धा दिवा आहे आणि अर्धी शेगडी. माझा नुसता दिवा. माझ्या रोपांना थंडी वाजतेय, उजेड कमी पडत नाहीये. हीटर लावू दे."

"म्हणजे कुबड्या देऊन पळवायचं."

"तुला दिव्याची परीक्षा घ्यायची आहे की शेगडीची?"

मी चहा टाकला.

१४ नोव्हेंबर

हीटर लावू दिला. विचार केल्यावर पटलं. मी विचारलेला प्रश्न असा, की पान वाढवायला कोणता उजेड पुरतो. ऊब दुसऱ्या वाटेने देता येत असेल तर ती नाकारून मला फक्त जिंकता आलं असतं. उजवीकडे पंचवीसवर ठेवला. हीटरचा मीटर वेगळा धरायचा, ही माझी अट. धाकट्याने लगेच मान्य केली.

१८ नोव्हेंबर

उजवीकडच्या ट्रेंवर शेवाळ धरलंय. बारीक काळ्या माश्या घोंघावतात. बावीस रोपं बुडाशी सडून आडवी झाली. तीच माती, तेच पाणी, मग का? दुपारभर डोकं खाजवलं. शेवटी बोट मातीत खुपसून बसले, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. डावीकडे सकाळचं पाणी दुपारी उडालेलं. उजवीकडे माती अजून चिंब. माझे दिवे वरून भाजतात म्हणून रोपं घटाघटा पितात. एलईडीखाली पानं तापत नाहीत, रोप पाणी बेताने पितं. आणि मी मात्र न्याय म्हणून दोघांना मगाने मोजून पाजते आहे.

हे धाकट्याला कळलेलं नाही. कलमवालीलाही नाही. चार दिवस गप्प राहिले असते तर पांढरी बाजू आपोआप निकालात निघाली असती.

संध्याकाळी दोघांना बोलावून सांगितलं. पाणी आता मगाने नाही, बोटाने. माती मागेल तेव्हा द्यायचं. धाकटा हसून म्हणाला, "ताई, तू माझ्या बाजूने कधी आलीस?" मी म्हटलं, तोंड सांभाळ.

२२ नोव्हेंबर

पाण्याचा निकाल लागला, रोपं सावरली. पण रंग! उजवीकडची पानं मला कावीळ झाल्यासारखी दिसतात, फिकट, मातकट. डावीकडे तर दिवाच पिवळा, तिथे सगळं पिवळंच असायचं, त्यात नवल नाही. पण धाकटा म्हणे की पांढऱ्या उजेडात पान आहे तसं दिसतं. मग आहे तसं हे असं आहे.

वहीत 'रंग उतरलेला' असा शेरा लिहिला. कलमवाली मागे उभी होती.

"मला तर हिरवी दिसतात, ताई."

"हिरवी आणि निरोगी हिरवी यात फरक असतो गं."

"असेल," म्हणाली आणि ट्रे पुसायला लागली. तिला ही नवी खोड लागली आहे. मी रोपं निवडून ठेवली की मागाहून ती ट्रे पुन्हा हातात घेते, पुसते, इकडचं तिकडे करते. चौदा वर्षांत एवढी टापटीप नव्हती, वर्षभरात आली. पुसते तर पुसू दे.

नवी वही फारच भिकार निघाली. रेघा छापल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल.

२५ नोव्हेंबर

जिन्याच्या शेवटच्या पायरीने दगा दिला. गुडघा फुटला. धाकट्याने पायऱ्यांच्या कडेला पांढरा पट्टा रंगवून दिला. मी म्हटलं, पायरी काय नवीन आहे का? "नवीन नाही, पण असू दे," म्हणाला. माणूस मऊ होतोय वय होईल तसा.

उद्या काचघरवाल्या येणार. माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. टेकडीवर त्यांची टोमॅटोची सहा काचघरं आहेत, रोपं नेहमी माझ्याकडची. यंदा कलमी रोपं चार हजार हवीत, वीस जानेवारीला. त्यांना पडद्याच्या दोन्ही बाजू दाखवायच्या आणि बोलायचं ते आकडे दाखवून. सकाळी डावीकडचं एकेक पान उलटून बघितलं आणि वहीत लिहिलं : स्वच्छ.

२६ नोव्हेंबर

थोडक्यात लिहिते.

काचघरवाल्या आल्या. आधी उजवीकडे गेल्या. "छान आहेत हो, बुटकी पण दणकट," म्हणाल्या. मी म्हटलं, रंग बघा ना. त्या म्हणाल्या, "का? रंगाला काय झालं?"

मग डावीकडे आल्या. तिसऱ्या ट्रेमधलं एक पान उलटं केलं. दुसरं केलं. मग पर्समधून भिंग काढलं.

"दिवेवाल्या बाई, हे काय आहे?"

"काय?"

"लाल कोळी. जाळी धरलीत अहो. इथे, इथे, हा अख्खा ट्रे."

मी वाकले. पान नाकाला लागेपर्यंत जवळ नेलं. पान दिसलं. कोळी दिसला नाही.

"सकाळीच बघितलीत मी ही," मी म्हणाले.

त्या काही कठोर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. हलकेच म्हणाल्या, "ही कीड माझ्या काचघरात आली तर मला सहाही घरं रिकामी करावी लागतील. वीस जानेवारीला चार हजार रोपं हवीत, स्वच्छ. दिवा कुठला वापरता त्याच्याशी मला काही घेणं नाही. तोवर नाही जमलं तर मी दुसरीकडे बघते." आणि गेल्या.

कोरडी, तापलेली हवा कोळ्याला मानवते, हे मला अठरा वर्षं माहीत आहे. डावीकडे रोज बघायचं ते त्याचसाठी. मी रोज बघत होते.

त्या गेल्यावर धाकट्याने मला हाताला धरून जिन्यावरून वर नेलं, दारात, दिवसाच्या उजेडात. तळहातावर दोन पानं ठेवली. "यातलं माझ्या बाजूचं कुठलं?"

दोन्ही पिवळट. मी एकावर बोट ठेवलं.

"ताई, ते लिंबाचं वाळकं पान आहे. इथे दारात पडलेलं."

कलमवाली मागे उभी होती. रडत होती. तिच्याकडे बघितलं आणि एकदम सगळं कळलं. ट्रे पुसणं, इकडचं तिकडे करणं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"वर्ष झालं. तुम्ही निवडलेल्यात खराब यायला लागली होती. मी काढून टाकायचे. या रोपांची अजून निवडच झाली नव्हती."

"सांगायचं ना मला!"

"सांगितलं होतं, ताई. एकदा. तुम्ही म्हणालात, हे तळघर माझ्या नजरेवर चाललंय."

म्हणाले असेन. माझंच वाक्य आहे ते.

३० नोव्हेंबर

चार दिवस लिहिलं नाही. खाली गेले नाही. धाकट्याने आणि कलमवालीने डावीकडची तीनशेही रोपं पिशव्यांत बांधून नष्ट केली, फळ्या धुतल्या, भिंती फवारल्या.

राग कुणाचा आला होता ते आज कळलं. कलमवालीचा नाही. माझा सुद्धा नाही. अठरा वर्षं ज्या उजेडाची बाजू घेऊन भांडले, त्याने मला झाकून ठेवलं याचा. पिवळ्या उजेडात सगळ्यांनाच पिवळं दिसतं, म्हणून मला एकटीला पिवळं दिसतंय हे मला कळलंच नाही.

१ डिसेंबर

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण आहेत, पण बोलायला रोखठोक. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा जास्त पिकलेला.

"दिव्याभोवती कडी दिसतात?"

"हो."

"बारीक अक्षर?"

"अक्षर नाही, वही खराब आहे," मी म्हणाले आणि माझं मलाच हसू आलं.

"इतके दिवस कसे काढलेत?"

काय सांगणार? म्हटलं, "माझं काम पिवळ्या उजेडात असतं."

डावा डोळा चौदा तारखेला. बाहेर वेळा देणाऱ्या बाईने नोंदवही काढली, तर त्यात माझं नाव आधीच लिहिलेलं, पाच नोव्हेंबरच्या पानावर, आणि पुढे 'आल्या नाहीत' असं तीनदा. धाकट्याने मला न सांगताच वेळ घेऊन ठेवली होती. त्याला पहिल्यापासून घाई फार.

भीती वाटते. लिहून टाकलं की कमी होईल वाटलं होतं. झाली नाही. पण तारीख घेऊन आले आहे आणि ती मोडणार नाही.

२ डिसेंबर

तिघांची बैठक. धाकटा म्हणाला, "ताई, आता सगळी चार हजार एलईडीखाली लावू. कोळ्याचा धोका कमी, नऊ बल्बांची चिंता नाही. प्रयोग पुरे."

मी म्हटलं, "नाही. पडदा तसाच राहील. अर्धी इकडे, अर्धी तिकडे."

"अगं, एक बाजू बिघडली तर ऑर्डर गेली!"

"म्हणूनच दोन्ही डाव्या-उजव्या पायांवर उभं राहायचं. तुझे दिवे चार हजार रोपांना पुरतात हे तुला तरी माहीत आहे का? मलाही नाही. पहिला प्रयोग मी खराब डोळ्यांनी मोडला. त्यावरून मी तुझे दिवे टाकूनही देणार नाही आणि डोळे मिटून घेणारही नाही."

कलमवाली म्हणाली, "ताईंचं बरोबर आहे." पहिल्यांदाच ती माझ्या बाजूने आणि खरं मनापासून बोलली असं वाटलं.

नियम नवे. शेरे मी लिहायचे नाहीत. पानं रोज कलमवालीने भिंगातून बघायची. शेवटी दोन्ही बाजूंचे ट्रे दिवसाच्या उजेडात मिसळून ठेवायचे, कुठला कुठून आलाय ते फक्त ट्रेच्या बुडाला लिहायचं, आणि निवड काचघरवाल्यांनी करायची. उजवीकडे ऊब पंचवीस, पाणी बोटाने. डावीकडे हवा ओलसर राहावी म्हणून पाण्याची पसरट घमेली. दोन्हीकडे पंचेचाळीस-पंचेचाळीस ट्रे, ट्रेला पन्नास रोपं. थोडी जास्त धरली, काही जातीलच.

आजच पेरलं. सुई ओवता येत नाही, पण बी माझ्या बोटांना अजून कळतं.

१३ डिसेंबर

दोन्हीकडे एकाच दिवशी उगवलं, आठ तारखेला! धाकटा पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे नाचत होता. मी म्हटलं, अरे, अजून बाळं आहेत ती, एवढ्यात बारसं नको. पण मलाही बरं वाटलं. कुणाच्या बाजूने बरं वाटलं ते शोधत बसले नाही.

उद्या डोळा.

१६ डिसेंबर

झालं. वीस मिनिटं. भुलीचे थेंब, वर एक गोल उजेड, आणि डॉक्टर सहायकाशी शाळेच्या सुट्ट्यांबद्दल बोलत होत्या. मी मनात म्हणत होते, बाई, आधी माझ्याकडे बघा, सुट्ट्या नंतर.

काल पट्टी काढली. वर आकाश होतं. ते निळं होतं. इतकं निळं मी किती वर्षं पाहिलं नाही, ते सांगता येत नाही, कारण दिसत नाही हे कधी माहीतच नव्हतं.

वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, जड उचलायचं नाही, तीन आठवडे. घरी बसून काय करू? जिन्याच्या वर खुर्ची टाकली आहे. तिथून ओरडते.

२४ डिसेंबर

कलमं बांधायला घेतली. मी खुर्चीत, कलमवाली खाली, आवाज येतो फक्त. "किती झाली?" "तीनशे दहा." "आधी कुठली?" "दोन्हीकडची एकाआड एक. एका बाजूची सगळी सकाळी केली आणि दुसरी थकल्यावर केली तर तो अन्याय होईल ना." हे मला सुचलं नव्हतं. तिला सुचलं.

डावीकडचे तीन बल्ब या आठवड्यात गेले. नऊपैकी सहा उरले.

४ जानेवारी

डॉक्टरांनी परवानगी दिली, खाली गेले. पडद्याच्या उजव्या बाजूला उभी राहिले, एक डोळा झाकला, मग दुसरा. उजव्या डोळ्याने तीच कावीळ झालेली पानं. डाव्या डोळ्याने गडद हिरवी, देठाशी किंचित जांभळी झाक, पानावरची लव सुद्धा. दहा वेळा डोळे आलटून-पालटून बघितलं. कलमवाली म्हणाली, "ताई, काय करताय?" मी म्हटलं, "शेरा खोडतेय."

मग वही काढली आणि बावीस नोव्हेंबरच्या 'रंग उतरलेला' वर खरंच काट मारली. बाजूला लिहिलं : चूक माझी, पानाची नाही.

डावीकडेही गेले. पिवळ्या दिव्याखाली नव्या डोळ्यालाही फार काही दिसत नाही. कलमवाली भिंग घेऊन कोळी शोधते ती हातात वेगळी बॅटरी घेऊन. इतकी वर्षं ती मुकाट्याने बॅटरी घेऊन फिरत होती आणि मी तिला भित्री म्हणायचे.

११ जानेवारी

हीटर बंद पडला. सकाळी धाकटा आला तेव्हा उजवीकडे पंधरा. पानं मलूल, कडा वळलेल्या. धाकट्याचा चेहरा उतरला. "गेली, ताई."

"रडू नकोस. पडदा काढ."

"काय?"

"पडदा काढ! डावीकडे सत्तावीस आहे. माझ्या शेगडीची ऊब जाऊ दे तिकडे."

"मग प्रयोगाचं काय?"

"एक दिवस. वहीत लिहून ठेव, लपवायचं नाही. आपण रोपं वाढवतो की प्रयोग?"

पडदा उतरवला, पंखा लावला, गरम हवा तिकडे ढकलली. दुपारपर्यंत बावीस झालं, संध्याकाळी धाकट्याने हीटरची जळालेली तार बदलली. अकरा रोपं दगावली. एवढ्यावर निभावलं.

पण हे ध्यानात ठेवायला हवं : नुसता एलईडी पुरत नाही, मागे उबेची सोय भरवशाची हवी. आता दोन हीटर लावायचे, एक बंद पडला तर दुसरा. धाकट्याला हे कबूल करायला जड गेलं. पण केलं.

२० जानेवारी

सकाळी दहा वाजता काचघरवाल्या आल्या. वर, जुन्या छापखान्याच्या मोठ्या खिडक्यांपाशी नव्वद ट्रे मांडलेले, सगळे मिसळलेले. कुठला कुठला ते मला ओळखता आलं असतं. डावीकडची रोपं दोन बोटं जास्त उंच आहेत. म्हणून मी पाठ करून उभी राहिले.

त्यांना ऐंशी ट्रे निवडायचे होते. तासभर भिंग घेऊन फिरल्या. धाकटा नखं खात होता. दहा ट्रे बाजूला काढले आणि म्हणाल्या, "बाकीची सगळी गाडीत घाला."

"कोळी?" मी विचारलं.

"एकही नाही."

मग नाकारलेले दहा ट्रे उलटे केले. सहा डावीकडचे, चार उजवीकडचे. सहातले दोन नुसते उंच वाढून वाकले म्हणून काढलेले.

दोन्हीकडची दहा-दहा रोपं कापून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. पिवळी बाजू दोनशे चौदा ग्रॅम. पांढरी दोनशे एकोणीस. पाच ग्रॅमचा फरक, त्यातले दोन-तीन काट्याचेच असतील. वीज मात्र पिवळ्या बाजूला शंभर युनिट जळलं तिथे पांढऱ्या बाजूला हीटर धरून सत्तर.

धाकटा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"बरोबरी," मी म्हटलं.

"फक्त बरोबरी?"

"मग काय मिरवणूक काढू? बरोबरीच झाली. ऊब दिली, पाणी सांभाळलं, तर तुझा दिवा माझ्या दिव्याच्या तोडीस तोड आहे. तू म्हणत होतास त्याहून कमी आणि मी म्हणत होते त्याहून पुष्कळ जास्त. लाव जा सगळीकडे."

तो इतका मोठ्याने हसला की काचघरवाल्यांच्या गाडीचा ड्रायव्हर डोकावून गेला.

२७ जानेवारी

सोडियमचे दिवे उतरवले. बटण मीच बंद केलं. डोळ्यांत पाणी वगैरे येईल म्हणून कलमवाली जवळ येऊन उभी होती. आलं नाही. तिला बहुतेक वाईट वाटलं.

पांढऱ्या उजेडात तळघर पहिल्यांदा नीट बघितलं. कोपऱ्यात जाळी, फळ्यांना बुरशीचे डाग, भिंतींवर पाण्याच्या ओघळांचे नकाशे. आम्ही इतक्या घाणीत अठरा वर्षं रोपं वाढवली आणि ती वाढली, म्हणजे रोपांचीच कमाल. कलमवालीकडे बघितलं. केस पांढरे झालेत, डोळ्यांखाली सुरकुत्या.

"तू कधी एवढी म्हातारी झालीस गं?"

"तुमच्याबरोबरच."

उजवा डोळा नऊ फेब्रुवारीला. यावेळी तारीख मी स्वतः जाऊन घेतली.

तोवर पुढची पेरणी थांबणार नाही. काकडीची रोपं आहेत, दोन काचघरांपुरती. संध्याकाळी निवडायला बसलो तेव्हा मी वही आणि पेन्सिल तिच्याकडे सरकवली.

"शेरे आजपासून तू लिहायचे."

"आणि तुम्ही?"

"मी भांडायचं."

सातव्या ट्रेवरूनच सुरुवात झाली. ती म्हणाली काढून टाका, मी म्हटलं राहू दे, पान जरा आखडलंय एवढंच. तिने ट्रे उचलून थेट दिव्याखाली धरला. मी डावा डोळा लावून बघितलं. देठाच्या बगलेत पांढरा ठिपका, खसखशीच्या अर्ध्या दाण्याएवढा. मग दुसरा. मग बरेच. कीडच ती.

तिचंच बरोबर होतं. ट्रे मी स्वतः बाहेर नेऊन टाकला.